सोळा कोअर असूनही गेम अडखळतो, दुरुस्त केला तरी परत अडखळतो: काय काय तपासायचं

"दादा, परत तसाच झाला. सोळा कोअर आसत, तरी गेम कित्याक अडाकता?"

एकाच मुलाचा पावसाळ्यातला हा तिसरा फोन. वेंगुर्ल्याजवळच्या वाडीत त्यांचं घर. थोरला भाऊ लग्नांचं आणि दशावतारी नाटकांचं शूटिंग करतो, त्याच्या एडिटिंगसाठी मुंबईहून जोडून आणलेलं मशिन, प्रोसेसरमध्ये सोळा कोअर, म्हणजे काम करणारे सोळा भाग. दिवसा भाऊ त्यावर रेंडर (एडिट केलेल्याचा तयार व्हिडिओ बनवणं) लावतो, रात्री धाकटा गेम खेळतो. रेंडर सरसर होतं. गेम मात्र शहराच्या वस्तीत शिरला, गर्दी दिसली, की दर दोन-चार सेकंदांनी हिसका देतो. जुन्या सहा कोअरच्या मशिनवर हाच गेम थोड्या कमी फ्रेमवर, म्हणजे सेकंदाला कमी चित्रं दाखवत चालायचा, पण एकसारखा चालायचा. त्यामुळे घरात विषय निघालाच की एवढे पैसे घातले ते कशाला.

कुडाळात दुरुस्तीचं काम करताना ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की सगळं एकदा नीट लिहून ठेवतो. या मशिनमध्ये कारणं दोन होती. एक गेम बंद करून चालू केला की परत यायचं, आणि दुसरं गडगडाट झाला की. दुसरं सापडायला तीन फेऱ्या लागल्या, म्हणून तेही सविस्तर सांगणार आहे.

आधी आकडा नीट वाचा

पहिल्या फेरीत मुलाने टास्क मॅनेजर उघडून माझ्यासमोर धरला. "बगा, सीपीयू चौदा टक्केच चलता. कार्ड बदलूया काय?"

नवीन ग्राफिक्स कार्डावर (स्क्रीनवरचं चित्र काढणाऱ्या भागावर) पैसे घालण्याआधी हा आकडा कसा तयार होतो ते समजून घ्या. सोळा कोअरच्या या प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअर दोन थ्रेड (क्रमाने करायच्या कामांच्या रांगा) चालवतो, म्हणून विंडोजला ३२ लॉजिकल प्रोसेसर दिसतात. टास्क मॅनेजरचा मोठा आकडा हा त्या ३२चा एकत्र हिशोब असतो. त्यातला एक थ्रेड जीव तोडून धावतोय आणि उरलेले ३१ स्वस्थ बसलेत, तर एकूण वापर दिसेल जेमतेम ३ टक्के. म्हणजे १४ टक्क्यांच्या आत चार थ्रेड घामाघूम झालेले असू शकतात, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं प्रोसेसरला कामच नाही.

परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करा, 'चेंज ग्राफ टू'मधून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा. बत्तीस चौकटी दिसतील. त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवा: विंडोज एकच थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं, त्यामुळे पूर्ण भरलेला एक थ्रेड दोन-तीन अर्ध्या भरलेल्या चौकटींसारखाही दिसू शकतो. एकही चौकट शंभरला टेकली नाही म्हणून प्रोसेसर निर्दोष ठरत नाही.

त्यापेक्षा भरवशाचा पुरावा ग्राफिक्स कार्डाकडे मिळतो. गेममधलं व्ही-सिंक (फ्रेम स्क्रीनच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा, गेम अडखळतो त्याच जागी उभे राहा, आणि कार्डाचा वापर बघा. तो ९५च्या वर असेल तर अडथळा कार्डाचा आहे, ही पोस्ट तुमच्यासाठी नाही. तो ५०-६०वर घुटमळत असेल तर कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसलंय. खात्री करायची तर रिझोल्यूशन १२८० बाय ७२० करा. चित्र ढेकळासारखं होईल, पण फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर निकाल लागला, अडथळा प्रोसेसरचा.

आणि सरासरी एफपीएसवर (सेकंदाला किती फ्रेम) विसंबू नका. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. त्या साठांतल्या एका फ्रेमने ८० मिलिसेकंद घेतले तर सरासरीत फारसा फरक पडत नाही, डोळ्याला मात्र हिसका बसतो. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रामबरोबर येणाऱ्या रिव्हाट्यूनरमध्ये फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा आलेख लावता येतो. तो लावा आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नंतर केलेल्या प्रत्येक बदलाची तुलना त्याच फोटोशी करायची. या मुलाच्या आलेखावर रेषा सपाट चालत होती आणि मधूनमधून माडासारखा सुळका वर जात होता.

माणसं वाढवली तरी जाळं त्याच चालीने येतं

किनाऱ्यावर रापण ओढताना बघितली असेल तर पुढचं लगेच कळेल. होडीने जाळं अर्धवर्तुळात सोडलेलं असतं आणि दोन्ही दोऱ्यांची टोकं वाळूवर असतात. दोन रांगांत माणसं ओढतात. चाळीस माणसांची ऐंशी केली म्हणून जाळं निम्म्या वेळात येत नाही. दोन्ही बाजू बरोबरीने याव्या लागतात, आणि एक बाजू पुढे गेली तर तिला दुसरीसाठी थांबावं लागतं.

गेमची एक फ्रेम म्हणजे अशी एक ओढ. मुख्य थ्रेड आधी तुमच्या बोटांची हालचाल वाचतो, मग कोण कुठे आहे ते ठरवतो, मग कोण कोणाला धडकलं ते बघतो, मग काय काढायचं याची यादी कार्डाकडे पाठवतो. यातलं बरंचसं क्रमानेच करावं लागतं, कारण गाडी कुठे आहे ते ठरल्याशिवाय ती भिंतीला आपटली का ते सांगता येत नाही. ॲनिमेशन, आवाज, लांबच्या वस्तू लोड करणं अशी कामं मदतनीस थ्रेडना वाटून देता येतात, पण फ्रेम पूर्ण व्हायला शेवटच्या मदतनिसाचंही काम व्हावं लागतं.

संगणक अभियंते जीन अमडाल यांनी १९६७ साली मांडलेला हिशोब इथे तसाच लागू पडतो. समजा फ्रेमचं निम्मं काम वाटता येतं आणि निम्मं एकाच थ्रेडने करायचं आहे. एका कोअरच्या तुलनेत आठ कोअरवर वेग होतो १.७८ पट, सोळावर १.८८ पट. कोअर दुप्पट केले आणि हाती लागला दशांश एक. अगणित कोअर लावले तरी दुपटीच्या पुढे जाता येत नाही. म्हणून गेमसाठी कोअरची संख्या मोजण्याआधी एका कोअरचा वेग आणि त्याला मिळणारी कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी पण वेगवान मेमरी) बघायची, हे मी दुकानात प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

गेम बनवणाऱ्यांचं मापही ठरलेलं आहे. २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनमध्ये आठ कोअर होते, २०२०च्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्समध्येही आठच आहेत, फक्त खूप ताकदीचे. मोठे गेम याच यंत्रांना समोर ठेवून बांधले जातात. त्यामुळे नवव्यापासून सोळाव्यापर्यंतच्या कोअरना गेममध्ये फारसं काम नसतं.

ते नुसते रिकामे बसले असते तर काही बिघडलं नसतं. पण गेमचे थ्रेड तिकडे जातात, आणि हिसका तिथून येतो.

मधली खाडी

एएमडीचे बारा आणि सोळा कोअरचे डेस्कटॉप रायझन, म्हणजे ३९५०एक्स, ५९५०एक्स, ७९५०एक्स, ९९५०एक्स वगैरे, आतून दोन चिपलेटचे (चिपच्या वेगळ्या तुकड्यांचे) बनलेले असतात. या मशिनमधलाही तसाच. ५००० मालिकेपासून एका चिपलेटवर जास्तीत जास्त आठ कोअर आणि त्यांच्यात वाटून घ्यायची ३२ एमबीची एल३ कॅशे असते. दोन चिपलेटच्या कॅशे वेगवेगळ्या.

खाडीच्या दोन काठांवरच्या दोन वाड्या डोळ्यांसमोर आणा. एकाच वाडीतल्या घरांत काही मागायचं तर बांधावरून गेलं की झालं. पलीकडच्या वाडीतून मागायचं तर तरीवर जाऊन होडीची वाट बघावी लागते. एका चिपलेटच्या आत एका कोअरने दुसऱ्याशी बोलायला साधारण २० नॅनोसेकंद लागतात. दुसऱ्या चिपलेटशी बोलायला त्याच्या चौपट किंवा जास्त. एका फेरीचा फरक कुणाला कळणार नाही, पण गेमचे थ्रेड सतत एकाच माहितीवर काम करत असतात, आणि एका फ्रेममध्ये अशा फेऱ्या हजारोंनी होतात. त्यात विंडोजने एखादा थ्रेड मध्येच उचलून पलीकडे टाकला तर त्याची अलीकडच्या कॅशेत साठवलेली माहिती अलीकडेच राहते आणि सगळं परत आणावं लागतं. आलेखावरचा सुळका तो हाच.

थोरल्या भावाचं रेंडर का पळतं, याचंही उत्तर यातच आहे. रेंडरमध्ये प्रत्येक कोअर आपला तुकडा घेऊन बसतो, शेजाऱ्याला फारसं विचारत नाही. कोणत्या वाडीत बसलाय याने त्याला फरक पडत नाही. ज्या कामासाठी मशिन घेतलं त्या कामाला ते उत्तम आहे, हे मी दोघा भावांना समोरासमोर बसवून सांगितलं.

पहिला उपाय, आणि तो दोन दिवसांत का उडाला

गेम चालू करून ऑल्ट-टॅबने बाहेर या. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये गेमच्या नावावर राइट क्लिक, 'सेट ॲफिनिटी'. गेमने कोणत्या सीपीयूवर चालायचं त्याच्या बत्तीस खुणा दिसतील. अशा सोळा कोअरच्या रायझनमध्ये सीपीयू ० ते १५ हे पहिलं चिपलेट आणि १६ ते ३१ हे दुसरं. १६ ते ३१च्या खुणा काढा, ओके म्हणा, गेममध्ये परत जा. बारा कोअरच्या मशिनमध्ये हीच विभागणी ० ते ११ आणि १२ ते २३ अशी पडते.

मुलाच्या गेममध्ये सुळके जवळजवळ गेले. चहा झाला, मी परत आलो. दोन दिवसांनी पहिला "परत तसाच झाला".

टास्क मॅनेजरमधली ही नेमणूक फक्त ती प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, जिवंत असेपर्यंत राहते. गेम बंद केला की संपली, परत चालू केला की सगळ्या ३२ खुणा जागच्या जागी. दररोज हाताने कोण करणार? यासाठी प्रोसेस लॅसो नावाचा प्रोग्राम मी वापरतो. त्यात गेमच्या नावावर कायमचा नियम बांधता येतो. नियम दोन प्रकारचे असतात आणि त्यांतला फरक समजून घेणं गरजेचं आहे.

ॲफिनिटी हा कडक नियम आहे: सोळाव्या सीपीयूच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. सीपीयू सेट्स हा समजुतीचा नियम आहे: शक्यतो इकडेच राहा, अगदीच जागा नसेल तर पलीकडे जा. मी आधी सीपीयू सेट्स लावून बघतो. कारण असं की कित्येक गेम सुरू होताना मशिनमध्ये किती लॉजिकल प्रोसेसर आहेत ते मोजतात आणि तेवढे मदतनीस थ्रेड उभे करतात. तुम्ही गेमला सोळा सीपीयूंत कोंडलं तरी त्याने मोजलेले असतात ३२. मग दुपटीने माणसं एकाच पडवीत दाटीवाटीने बसतात आणि कधीकधी आधीपेक्षा वाईट चालतं. कडक नियम लावल्यावर गेम बिघडला, तर हे आधी आठवा. काही गेमच्या सेटिंग फाइलमध्ये मदतनीस थ्रेडची संख्या हाताने घालता येते. ती सोय असेल तर आठपासून सुरुवात करून बघा.

ऑनलाइन गेममध्ये चीटिंग रोखणारी यंत्रणा बरेचदा ॲफिनिटी बदलू देत नाही, 'ॲक्सेस डिनाइड' येतं. अशा वेळी गेमऐवजी लाँचरला, म्हणजे गेम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला, नियम लावा. विंडोजमध्ये लाँचरने सुरू केलेली प्रोसेस लाँचरची ॲफिनिटी वारशाने घेते. चीटिंग-रोधक यंत्रणेशी झटापट करणारे बाकीचे मार्ग मी सुचवणार नाही, खातं कायमचं बंद झालं तर भरून देणारा कोणी नसतो.

सगळ्यात पक्का मार्ग म्हणजे बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन दुसरं चिपलेटच बंद करणं. मशिन फक्त गेमसाठी असेल तर करून बघायला हरकत नाही, गेमला खरोखर आठच कोअर दिसतात आणि मोजणीचा घोळही मिटतो. पण या घरात दिवसा रेंडर चालतं. भावाच्या कामाचे निम्मे कोअर काढून धाकट्याच्या गेमला द्यायचे हे मला पटलं नाही. म्हणून इथे प्रोसेस लॅसोचा नियमच ठेवला, तोही फक्त त्या एका गेमच्या नावावर.

तुमचा प्रोसेसर वेगळा असेल तर

नावात एक्स३डी असलेल्या बारा-सोळा कोअरच्या रायझनमध्ये, उदाहरणार्थ २०२३च्या ७९५०एक्स३डीमध्ये, एकाच चिपलेटवर जादा कॅशे आहे: तिकडे ९६ एमबी, दुसरीकडे ३२. गेमला बहुतेक वेळा ९६वाली बाजू हवी असते. ती निवड विंडोज, त्यातला गेम बार आणि चिपसेट ड्रायव्हर (मदरबोर्ड चालवणारा प्रोग्राम) मिळून करतात. त्यामुळे गेम बार काढून टाकू नका, गेम मोड चालू ठेवा, चिपसेट ड्रायव्हर ताजा ठेवा, आणि पॉवर प्लॅन 'बॅलन्स्ड' ठेवा. व्हिडिओ बघून 'हाय परफॉर्मन्स' लावलेली मशिनं माझ्याकडे येतात. त्या प्लॅनमध्ये रिकाम्या बाजूचे कोअर निजत नाहीत आणि गेम नको त्या चिपलेटवर सांडतो. आठ कोअरच्या प्रोसेसरवरून सोळावर आलात आणि विंडोज तेच जुनं ठेवलंत, तर चिपसेट ड्रायव्हर काढून नव्याने टाका. तरीही नीट झालं नाही तर विंडोज नव्याने टाकणं परवडतं.

इंटेलच्या बाराव्या पिढीपासून, म्हणजे २०२१च्या शेवटापासून, डेस्कटॉपच्या वरच्या प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे कोअर एकत्र असतात. १२९००केमध्ये ८ मोठे आणि ८ छोटे, १३९००केमध्ये ८ आणि १६. गेमचा मुख्य थ्रेड छोट्या कोअरवर जाऊन बसला की हिसका. अशा मशिनवर विंडोज ११ घ्या, ही वाटणी त्याला जास्त चांगली जमते. गेम सुरू असताना दुसरी खिडकी पुढे आणली तर गेम मागे पडल्याचं समजून विंडोज त्याचा मान कमी करतं, तेव्हा दोन खिडक्या शेजारीशेजारी ठेवून चाचणी घेऊ नका. जुना एखादा गेम सुरूच होत नसेल तर काही मदरबोर्डांच्या बायॉसमध्ये 'लेगसी गेम कम्पॅटिबिलिटी मोड' असतो. तो चालू केला की कीबोर्डवरच्या स्क्रोल लॉकने छोटे कोअर बाजूला ठेवता येतात. एवढी वर्षं निरुपयोगी पडलेल्या त्या कळीला काम मिळालं. नव्या मॉडेलांत क्रमांकांची मांडणी बदलत असते, म्हणून मोठे कोणते आणि छोटे कोणते हे आधी बघून मगच खुणा काढा.

जुन्या सर्व्हरमधून निघालेले इंटेलचे झिऑन प्रोसेसर स्वस्तात मिळतात म्हणून मुलं घेतात. ई५-२६८० व्ही४मध्ये चौदा कोअर आहेत खरे, पण मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ आणि टर्बोमध्ये एक कोअर जास्तीत जास्त ३.३पर्यंत जातो. वर सांगितलेलं काहीही केलं तरी त्या एका कोअरचा वेग वाढणार नाही. घेण्याआधी विचारा, घेतल्यानंतर माझ्याकडे उपाय नाही.

कोअर 'अनपार्क' करणारे, म्हणजे त्यांना निजू न देणारे प्रोग्राम, 'गेम बूस्टर', रजिस्ट्रीत पन्नास बदल करणाऱ्या फाइली यांच्यापासून लांब राहा. एकाच वेळी दहा गोष्टी बदलल्या की कशाने फरक पडला ते तुम्हालाही कळत नाही आणि दुरुस्त करणाऱ्यालाही. एक बदल करा, त्याच जागी उभे राहून आलेख बघा, मग पुढचा.

खारी हवा

किनाऱ्यालगतच्या घरांत कॅबिनेट उघडलं की धूळ कोरडी नसते. दमट, खारट हवेत ती कूलरच्या पत्र्यांमध्ये लोकरीसारखी घट्ट बसते, नुसत्या ब्लोअरने निघत नाही. आधी मऊ ब्रशने सोडवा, मग हवा मारा, आणि हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही: मे महिन्यात खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो. रायझन ७००० मालिकेत एक्स३डी नसलेल्या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे, तिथे टेकला की प्रोसेसर वेग उतरवतो. वीस मिनिटं चांगलं चालून मग अडखळायला लागलं तर आधी इथे बघा. या मालिकेत बायॉसमध्ये इको मोड असतो. १७० वॉटचा प्रोसेसर १०५ किंवा ६५ वॉटवर बांधला तर रेंडर मंदावतं, गेममध्ये फारच थोडा फरक पडतो, आणि उष्णता खूप उतरते. पंख्याखाली, एसीशिवाय खेळणाऱ्यांनी हे जरूर करावं.

तिसरी फेरी

प्रोसेस लॅसोचा नियम लावल्यावर दोन आठवडे फोन नव्हता. मग एका रात्री जोराचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी मेसेज. गेलो, नियम जागेवर होता, थ्रेड पहिल्याच चिपलेटवर होते, तरी आलेख पहिल्यासारखा उंचसखल. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग दिसतो, तिथे होतं ४८००. रॅम ६०००ची. बायॉसमध्ये एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारं सेटिंग, बंद पडलेलं. मी चालू केलं, गेम सुधारला, आणि कुणीतरी बायॉसमध्ये हात घातला असेल असं समजून निघून आलो. चूक तिथे झाली. सेटिंग का उडालं हे न विचारता मी ते परत लावलं.

रॅमचा वेग इथे एवढा महत्त्वाचा का, हेही सांगतो. कॅशेत न सापडलेली प्रत्येक गोष्ट रॅममधून आणावी लागते, आणि गर्दीच्या वस्तीत शिरल्यावर गेमला सतत नव्या गोष्टी लागतात. ४८०० आणि ६०००मधला फरक रेंडरमध्ये जाणवेलच असं नाही, पण आधीच एका थ्रेडवर तोललेल्या गेममध्ये तो दिसतो. रॅमच्या दोन काड्या असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. शेजारीशेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनलवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटेवर) येतात. चार काड्यांवर डीडीआर५ प्रकारची रॅम बरेचदा पूर्ण वेग धरत नाही, म्हणून वाढवायची तर दोन मोठ्या घ्या.

पुढच्या गडगडाटानंतर परत फोन. या वेळी मी मशिनला हात न लावता आधी विचारलं की काल काय काय झालं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "गडगडाक लागला काय मी पिन काडून ठेवतंय. मगे सकाळी ह्येचा घड्याळ चुकीचा दाखयता." मुलगा म्हणाला, सकाळी चालू करताना स्क्रीन बराच वेळ काळी होती, बिघडलाच असं वाटलं.

घड्याळ चुकतं आणि स्क्रीन काळी राहते. दोन्ही वाक्यं ऐकली आणि कारण कळलं. मदरबोर्डावर एक नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. पिन लावलेली असताना बोर्डाला भिंतीतून थोडा करंट मिळत राहतो, त्यामुळे सेल उतरला तरी बायॉसची सेटिंग आणि घड्याळ टिकतं. पिन काढली की सगळा भार सेलवर येतो. सेल मेलेला असेल तर बायॉस पहिल्या दिवसासारखं कोरं होतं: एक्स्पो बंद, पंख्यांचं सेटिंग गेलं, इको मोड गेला. मग चालू करताना बोर्ड रॅमची ओळख नव्याने करून घेतो, डीडीआर५मध्ये त्याला मिनिटभर किंवा जास्त लागतं, तोवर स्क्रीन काळी.

मल्टीमीटर लावला, सेल २.४ व्होल्ट दाखवत होता. खाचेच्या पत्रीवर हिरवट डागही होता, खाऱ्या हवेचा. मशिन बंद, पिन काढलेली, अशा अवस्थेत सेल बाहेर काढला, पत्री आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सुकू दिली, नवा सेल अधिकची बाजू वर ठेवून बसवला. घड्याळाच्या दुकानात तो सहज मिळतो. बसवल्यावर एक्स्पो लावलं, पंखे लावले, इको मोड लावला, मशिन बंद करून पिन दहा मिनिटं काढून ठेवली, परत चालू करून बघितलं. सगळं जागेवर.

आईने पिन काढायचं थांबवावं असं मी अजिबात सांगितलं नाही. आपल्याकडे जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा कशा पडतात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि पिन काढणं हाच खरा बचाव आहे. उलट इंटरनेटची तांब्याची वायर येत असेल तर तीही काढा, वीज त्या वाटेनेही येते.

एक कागद लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवला: मेमरी ६०००, इको १०५, सेल बदलल्याची तारीख, आणि लॅसोमध्ये गेमला सीपीयू ० ते १५. धाकट्याला सांगून आलो, परत अडखळलं तर फोन करायच्या आधी मेमरीचा वेग आणि घड्याळ बघ, आणि दोन्हींचा फोटो पाठव.

ऑक्टोबरात विजांचा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोटो आला. मेमरी ६०००, कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर, खाली फक्त "आवशीन काल पिन काडलेली".